परीक्षणांची सूची लावताना

आमच्या चित्रपट-परीक्षणांच्या संकेतस्थळावर बरीच वर्षं एकच क्रम होता: जे शेवटी लिहिलं ते सगळ्यात वर. नुकत्याच लागलेल्या चित्रपटांना हा क्रम पुरतो, कारण वाचक त्या आठवड्यापुरतंच विचारत असतो. पण लेख साठत गेले आणि जुनं लेखन खाली खाली ढकललं गेलं. कुणी एखाद्या दिग्दर्शकाचे दोन-तीन चित्रपट पाहून चौथ्याबद्दल आम्ही काय म्हटलंय ते शोधू लागलं, तर त्याला पानामागून पान मागे जावं लागे. एवढ्या मनापासून लिहिलेलं लेखन हवं त्या माणसाला हवं तेव्हा सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून सूची नव्यानं लावायचं काम मी मागून घेतलं. त्यात कोणते पेच आले आणि ते कसे सोडवले, ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी ठरवायचं होतं ते हे, की नोंद नक्की कशाची? तोवर नोंद म्हणजे लेख होता. लेखाला लेखकानं दिलेलं छानसं शीर्षक असे आणि चित्रपटाचं नाव कुठे तरी दुसऱ्या परिच्छेदात येई. एकाच चित्रपटावर तिघांनी लिहिलं असेल तर ते तीन लेख तीन ठिकाणी, एकमेकांना न ओळखता पडलेले. मी ठरवलं की नोंद चित्रपटाची असेल आणि परीक्षणं तिच्याखाली येतील. ऐकायला साधं वाटतं, पण पुढचे सगळे प्रश्न याच निर्णयातून निघाले. कारण नोंद चित्रपटाची म्हटलं की ‘एक चित्रपट’ म्हणजे काय, हे सांगता आलं पाहिजे.

चित्रपट जपणाऱ्या संग्रहालयांनी या प्रश्नावर आपल्याआधी कितीतरी विचार केलेला आहे. १९३८ साली स्थापन झालेल्या ‘फियाफ’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदणी-पुस्तिकेत चार पायऱ्या सांगितल्या आहेत: मूळ कृती, तिची वेगळी आवृत्ती, ती ज्या स्वरूपात बाहेर आली ते स्वरूप, आणि प्रत्यक्ष हातातली प्रत. संग्रहालयाला चारही लागतात. परीक्षण लिहिणाऱ्याला पहिल्या दोन पुरतात, पण त्या दोन मात्र हव्याच. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली प्रदर्शित झाला, १९९२ मध्ये त्याची दिग्दर्शकीय आवृत्ती आली आणि २००७ मध्ये अंतिम आवृत्ती. १९८२च्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आहे आणि शेवट दिलासा देणारा आहे; पुढच्या दोन्हींत ते निवेदन नाही आणि तो शेवटही नाही. आमच्याकडे त्यावर दोन परीक्षणं होती. एकात शेवटावर टीका होती, दुसऱ्यात शेवटाचं कौतुक. शेजारी ठेवल्यावर वाचकाला वाटलं असतं की या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. खरं म्हणजे दोघांनी दोन वेगळे शेवट पाहिले होते.

‘मेट्रोपोलिस’चंही तसंच. १९२७ साली प्रदर्शित झाल्यावर लवकरच त्याची बरीच कापाकापी झाली. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसला १६ मिलिमीटरची एक प्रत सापडली आणि तिच्या आधारे २०१० साली जवळजवळ पूर्ण आवृत्ती दाखवली गेली. २०१०च्या आधी कुणी ‘कथानक तुटक वाटतं’ असं लिहिलं असेल तर ते त्या परीक्षकानं पाहिलेल्या चित्रपटाबद्दल अगदी खरं आहे. म्हणून प्रत्येक परीक्षणाला ‘पाहिलेली आवृत्ती’ हा रकाना दिला. बहुतेक ठिकाणी तो रिकामाच राहतो. जिथे भरला जातो तिथे मात्र त्याच्याइतकं मोलाचं नोंदीत दुसरं काही नसतं.

मग एकाच कथेचे दोन भाषांतले चित्रपट. १९३७ सालचा प्रभातचा ‘कुंकू’ आणि त्याचंच हिंदी रूप ‘दुनिया न माने’. दिग्दर्शक दोन्हींचे शांतारामच, शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हींत आहेत. ही एक नोंद की दोन? याच्या उलट टोकाचं उदाहरण १९३१च्या ‘ड्रॅक्युला’चं. इंग्रजी चित्रपटाचं चित्रीकरण दिवसा व्हायचं आणि त्याच सेटवर रात्री स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’चं, दिग्दर्शक वेगळा आणि नटसंचही वेगळा. तिथे दोन नोंदी करताना मनात शंका येत नाही. ‘कुंकू’च्या बाबतीत मी बराच काळ अडले होते. शेवटी असं ठरवलं की संवाद नव्यानं म्हटले गेले असतील आणि दृश्यं पुन्हा चित्रित झाली असतील, तर नोंदी दोन आणि त्यांच्यामध्ये ठळक दुवा. नुसता आवाज दुसऱ्या भाषेत चढवला असेल तर नोंद एकच. नटाचा एक कटाक्षही दुसऱ्यांदा देताना बदलतो आणि परीक्षक शेवटी तोच कटाक्ष पाहत असतो. म्हणून मला हा नियम न्याय्य वाटतो.

एकाच नावाचे अनेक चित्रपट ही त्यामानानं सोपी गोष्ट. ‘देवदास’ १९३५चा बंगालीत आहे, १९३६चा हिंदीत, पुढे १९५५चा आणि २००२चाही. ‘अ स्टार इज बॉर्न’ १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ असा चार वेळा आलेला. नावापुढे कंसात वर्ष दिलं की झालं.

पण वर्ष कुठलं? ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि भारतात चित्रपटगृहांत लागला तो एप्रिल २०१५ मध्ये. आमच्या एका परीक्षणात २०१४ होतं, दुसऱ्यात २०१५, आणि दोघांनी आपापल्या परीनं बरोबरच लिहिलेलं होतं. मी पहिल्या जाहीर खेळाचं वर्ष धरलं, मग तो महोत्सवात झालेला असो की चित्रपटगृहात. प्रदर्शनाची तारीख देशागणिक बदलते. पहिला खेळ जगात एकदाच होतो. चित्रपटगृहातलं प्रदर्शन बरंच उशिरा झालं असेल तर ते खाली वेगळ्या ओळीत येतं.

आता अकारविल्हे. या भागात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि देवनागरीत सूची लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संगणकाला अक्षर म्हणजे एक क्रमांक. काही विशेष सांगितलं नाही तर तो त्या क्रमांकांप्रमाणे रांग लावतो. युनिकोड या अक्षर-क्रमांकांच्या जागतिक यादीत ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांना तिथे स्वतंत्र क्रमांकच नाही, ती जोडाक्षरं म्हणून क आणि ज च्या घरात जातात. शब्दकोश चाळायची सवय असलेला माणूस ज्ञ शेवटी शोधतो आणि तिथे त्याला काहीच मिळत नाही. त्याहून मोठी गडबड ॲ ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि त्याला जागा मिळाली ती सगळी व्यंजनं आणि देवनागरी अंकही संपल्यानंतर. इंग्रजी चित्रपटांची नावं आपण देवनागरीत लिहितो तेव्हा ॲ नं सुरू होणारी नावं भरपूर निघतात. ती सगळी ह च्याही पलीकडे, यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसली होती. अ च्या पानावर त्यातलं एकही नाव नाही.

बरं, ॲ सगळे जण एकाच तऱ्हेनं टंकतात असंही नाही. कुणी ते एकसंध अक्षर वापरतो, कुणी अ लिहून त्यावर चंद्र देतो. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य सुद्धा दोन रीतींनी टंकता येतो आणि पडद्यावर काडीचाही फरक दिसत नाही. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन नोंदी होऊन बसायच्या आणि का झाल्या ते कळायचं नाही.

यावर उपाय असा केला: प्रत्येक नावाची दोन रूपं ठेवली. एक दाखवायचं आणि एक रांगेसाठी व शोधासाठीचं. दाखवायच्या रूपाला हात लावायचा नाही, ते शुद्धलेखनाप्रमाणे जसं हवं तसं. आतल्या रूपात सगळे ॲ एकसारखे केले, ऱ्य एका पद्धतीचा केला, आणि शोधापुरते ऱ्हस्व-दीर्घ एक मानले. लोक शोधताना ऱ्हस्व-दीर्घ पाहून टंकत नाहीत, आणि परकी नावं देवनागरीत लिहायला एकच मान्य रीत नसते. कुरोसावा, कुरोसवा, कुरोसावां असं काहीही येतं. वाचकानं कसंही लिहिलं तरी त्याला चित्रपट मिळाला पाहिजे. क्रमासाठी मात्र मराठी वर्णमालेचा क्रम वेगळा शिकवला, ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवून.

आकड्यांनी सुरू होणारी नावंही अशीच अवघड. ‘१२ अँग्री मेन’ कुठे ठेवायचा? बारा म्हणून ब मध्ये, की ट्वेल्व्ह म्हणून ट मध्ये? फेलिनीच्या ‘८½’ ला तर इटालियन उच्चारानं आणखी तिसरंच घर मिळेल. मी आकड्यांचा एक स्वतंत्र गट अ च्या आधी ठेवला आणि त्यात किंमतीप्रमाणे क्रम लावला: आधी साडेआठ, मग बारा, मग दोन हजार एक. इंग्रजी नावांच्या सुरुवातीचं ‘द’ आणि ‘अ’ क्रम लावताना सोडून दिलं. ते दिसतं, पण मोजलं जात नाही. तसं न करता द चं पान उघडलं तर तिथे निम्मं हॉलिवूड उभं असतं.

माणसांची नावं हा याहून नाजूक विषय, कारण तिथे दुसऱ्याच्या ओळखीला हात लागतो. आडनावाप्रमाणे लावायचं म्हटलं की प्रश्न येतो आडनाव कुठलं. बाँग जून-हो यांचं आडनाव बाँग, वाँग कार-वाय यांचं वाँग; त्यांच्या नावातला शेवटचा शब्द उचलून रांगेत लावला तर ते भलत्याच ठिकाणी जातात. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, म्हणजे आपण बेला तार म्हणतो ते तिथे तार बेला. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्यासारखं आडनाव नसतंच, नावापुढे वडिलांचं किंवा आईचं नाव जोडलेलं असतं आणि तिथल्या याद्या पहिल्या नावानं लावतात. व्ही. शांताराम यांच्या नावातला ‘व्ही.’ वणकुद्रे या आडनावाचा, पण त्यांना व मध्ये कोण शोधणार? इथे कुठलाही एक नियम सगळ्यांवर लादणं मला पटलं नाही. प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत ‘क्रमासाठीचं नाव’ हा रकाना हातानं भरला. काम वेळखाऊ होतं. पण त्या माणसाच्या भाषेत त्याची जागा कुठे आहे ते पाहून भरल्याचं समाधानही होतं. दोन रूपं रूढ असतील तिथे छापील सूचीतली जुनी रीत ठेवली: ‘रे, सत्यजित: पाहा राय, सत्यजित’. ही ‘पाहा’ची ओळ मला फार आवडते. वाचक चुकीच्या दारात आला तरी त्याला योग्य दार दाखवलं जातं.

श्रेयनामावलीत असेल तेच नाव द्यायचं, असा आमचा सामान्य नियम. पण २००४च्या ‘द लेडीकिलर्स’च्या आधी कोएन बंधूंच्या चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून फक्त जोएल यांचं नाव असायचं, आणि दोघं मिळून काम करायचे हे जगजाहीर होतं. आणि १९६९ ते २००० या काळात अमेरिकेत ज्या दिग्दर्शकाला आपला चित्रपट हातातून गेला असं सिद्ध करता येई, त्याला दिग्दर्शकांच्या संघटनेच्या परवानगीनं आपल्या जागी ‘ॲलन स्मिथी’ हे नाव लावता येत असे. म्हणजे असा माणूसच नाही. सूचीत मात्र तो अनेक चित्रपटांचा दिग्दर्शक ठरतो. मी श्रेय जसंच्या तसं ठेवलं आणि खाली एक ओळ टीप जोडली. शिवाय कोएन बंधूंपैकी कुणाच्याही पानावरून सगळे चित्रपट मिळतील अशी सोय केली. श्रेयनामावली हा इतिहासातला दस्तऐवज आहे, तो आपण सुधारायचा नसतो. त्याच्या शेजारी आपल्याला माहीत असलेलं लिहायचं.

विषयवार विभागणीसाठी मला रंगनाथन यांच्या विचारांचा आधार मिळाला. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ साली मांडले, त्यांतला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. १९३३च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातली मोठी गोष्ट अशी, की ग्रंथाला एकाच फांदीवर बसवण्याऐवजी त्याचे वेगवेगळे पैलू स्वतंत्रपणे नोंदवायचे आणि मग ते जोडायचे. चित्रपटाला हे नेमकं लागू पडतं. पूर्वी आमच्याकडे कप्पे होते: प्रेमकथा, रहस्यपट, विनोदी, परभाषी. एखादा कोरियन विनोदी रहस्यपट या कप्प्यांत कुठे जाणार? आता भाषा, देश, दशक, प्रकार आणि विषय हे पाच पैलू आहेत. वाचक ‘जपानी’, ‘१९५०चं दशक’ आणि ‘वार्धक्य’ असं एकत्र मागू शकतो.

प्रकाराचे टॅग मोजकेच ठेवले आणि प्रत्येकाची दोन ओळींत व्याख्या लिहिली. व्याख्येशिवाय टॅग म्हणजे प्रत्येकाचा आपापला अंदाज. शिवाय काही नावं चित्रपटांच्या नंतर जन्मलेली असतात हे ध्यानात ठेवावं लागतं. ‘फिल्म न्वार’ हे नाव गुन्हेगारीच्या अंधाऱ्या, निराश अमेरिकन चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी १९४६ साली लावलं. ज्यांनी ते चित्रपट काढले त्यांच्या लेखी तसा काही प्रकार नव्हता. टॅग लावणं हीसुद्धा समीक्षाच आहे, म्हणून तो लावण्याचा अधिकार परीक्षण लिहिणाऱ्याकडे ठेवला, सूची लावणाऱ्याकडे नाही.

आमच्यात खरा वाद झाला तो ताऱ्यांवरून. चित्रपटांना तारे देण्याची सुरुवात न्यू यॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये १९२८ साली आयरीन थायरर यांनी केल्याचं मानतात, म्हणजे ही रीत चांगली मुरलेली आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणत, ‘वाचकाला घाई असते, त्याला वरच्या ताऱ्यांचे चित्रपट आधी दिसू द्या.’ त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं, कारण त्यांच्याइतके चित्रपट आमच्यात कुणी पाहिलेले नाहीत. पण यादी ताऱ्यांप्रमाणे लावून पाहिली तेव्हा जे दिसलं ते सांगते. पाच जणांनी प्रत्येकी तीन तारे दिलेला बरा चित्रपट, आणि तिघांनी पाच-पाच, तर दोघांनी शून्य तारे दिलेला झपाटून टाकणारा चित्रपट, दोन्हींची सरासरी तीनच येते. ते शेजारी शेजारी बसतात. त्यातला दुसरा चित्रपट तर हातातलं सोडून वाचावा असा, कारण त्यावर पाच माणसं भांडलेली असतात. सरासरीत ते भांडणच पुसलं जातं. अनेकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळाची टक्केवारी वेगळ्या रीतीची आहे, तिथे किती परीक्षणं अनुकूल आहेत एवढंच मोजतात, सगळ्यांना किंचित आवडलेला चित्रपट शंभर टक्के मिळवू शकतो. आकडा खोटा नसतो, पण तो फार थोड्या प्रश्नांचं उत्तर असतो.

शेवटी तारे परीक्षणाच्या आत राहिले, ज्याला द्यायचे त्यानं द्यावेत, आणि सूचीतून गेले. त्यांच्या जागी प्रत्येक चित्रपटाच्या नावाखाली परीक्षकाची एक ओळ आली, त्याच्याच शब्दांत. परीक्षक दोन असतील आणि मतं उलट असतील तर ओळी दोन. त्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या ओळी आज सगळ्या सूचीत सर्वांत सुंदर आहेत असं मला खरोखर वाटतं.

लांबीच्या रकान्याबद्दल थोडक्यात. एकाच चित्रपटाला १२० आणि ११५ मिनिटं असं दोन ठिकाणी आढळलं तर दर वेळी कापाकापीचा संशय घ्यायला नको. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या दूरचित्रवाणी-पद्धतीच्या चकतीवर २५ चौकटींनी धावतो आणि सुमारे चार टक्के लवकर संपतो. मूकपटांच्या बाबतीत तर दाखवण्याचा वेग ठरलेलाच नसे, म्हणून तिथे मिनिटांच्या आधी ‘सुमारे’ लिहिलं.

प्रत्येक नोंदीला एक कायमचा क्रमांक दिला आणि दुवा त्या क्रमांकाचा केला, नावाचा नाही. नाव सुधारलं, वर्ष बदललं, तरी दुवा तुटत नाही. जुने सगळे पत्ते नव्या नोंदींकडे वळवले, कारण कुणी तरी कुठे तरी तो पत्ता जपून ठेवलेला असतो.

सगळं मांडून झाल्यावर एक प्रश्न उरला, तो म्हणजे तोच चित्रपट पुन्हा पाहून मत बदललेल्या परीक्षकाचा. आमच्या एका लेखिकेनं एका चित्रपटाला पूर्वी कोरडा म्हटलं होतं आणि कितीतरी वर्षांनी पुन्हा पाहून त्यावर फार हळवं, फार चांगलं लिहिलं. जुनं काढून टाकू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं. आता त्या नोंदीखाली तिची दोन्ही परीक्षणं आहेत, प्रत्येकावर पाहिल्याची तारीख आहे, आणि जुन्याच्या शेवटी नव्याचा दुवा आहे. त्या चित्रपटाच्या नावाखालच्या दोन्ही ओळी तिच्याच आहेत.